गोळी कुटायच्या आधी: घरातली औषधं पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा दुकानात आला, तिशीचा असेल, हातात औषधांची पिशवी, वडिलांना लकवा मारून गेलेला आणि नुकताच डिस्चार्ज मिळालेला. म्हणाला, ताई, बाबांना गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून मी सगळ्या खलबत्त्यात कुटून पाण्यातनं देतोय, पण दिल्या की तासाभरात त्यांना गरगरतं, घाम फुटतो, बीपीची गोळी जास्त पावरची दिलीय का हो? पिशवी बघितली तर गोळी बरोबर, डोस बरोबर. निफेडिपिन रिटार्ड २०. घोळ खलबत्त्यात होता. ती गोळी कित्येक तास हळूहळू सुटत राहावी म्हणून बनवलेली असते, ती कुटली की अर्ध्या दिवसाचं औषध एका दमात रक्तात जातं आणि बीपी धाडकन खाली येतं.

मी १६ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, लोक "काय द्यायचं" हे चारदा विचारतात पण "कसं द्यायचं" हे कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण गर्दीत सांगत नाही. गोळीचा आकार, वरचं आवरण, घ्यायची वेळ, सोबत काय प्यायचं हे सगळं त्या औषधातच धरलेलं असतं. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्यावर आईबाबांच्या, सासूबाईंच्या किंवा स्वतःच्याच औषधांची जबाबदारी अचानक आलीय त्यांच्यासाठी. डोस कमीजास्त करायचा सल्ला यात नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा विषय.

पायरी १: पिशवी टेबलावर उलटी करा

सगळी पाकिटं पसरा, चिठ्ठी समोर ठेवा आणि एकेक जुळवा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे बहुतेकांना माहीत असतं. पण चिठ्ठीवर बीडी लिहिलं तर दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एसी म्हणजे जेवणाआधी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर. एसओएसची गोळी महिनाभर रोज तीन वेळा खाल्लेले लोक मी बघितलेत, बिचाऱ्यांना वाटलं काहीतरी खास गोळी असेल.

मग मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते वाचा, चष्मा लावा, मोबाईलचा टॉर्च लावा, पण वाचा. कारण हार्टच्या डॉक्टरांनी एका नावाचं पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध, दिलेलं असतं आणि हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाचं, आणि घरात दोन्ही चालू असतात. पॅरासिटामॉलचं तर विचारूच नका, तापाची ६५० वेगळी, सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या गोळीत परत तेच. मोठ्या माणसाला दिवसात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये ही जी मर्यादा आहे ती अशीच नकळत ओलांडली जाते आणि फटका लिव्हरला बसतो. दारू पिणारा, अशक्त किंवा लिव्हरचा पेशंट असेल तर मर्यादा आणखी खाली असते, ती विचारून घ्या.

अजून एक काम आत्ताच करा. आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं वेगळ्या डबीत काढा आणि वर लाल पेनाने वार लिहा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल, हाडांची अ‍ॅलेन्ड्रोनेट ७०, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट. हे मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो, यात अतिशयोक्ती अजिबात नाही.

पायरी २: नावामागची अक्षरं वाचा

खलबत्त्याची गोष्ट इथे येते. गोळीच्या नावाच्या शेपटीला जर एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल, एमआर किंवा रिटार्ड असं काही असेल तर ती हळू सुटणारी गोळी आहे. कुटायची नाही, चावायची नाही. आत औषध एखाद्या चिकट जाळीत अडकवलेलं असतं, पाणी लागलं की ती जाळी फुगून जेलीसारखी होते आणि औषध त्यातून झिरपत झिरपत बाहेर येतं. मेटफॉर्मिन एसआर घेणारे कधीकधी घाबरून येतात की संडासात अख्खी गोळी पडली, औषध लागलंच नाही. लागलेलं असतं हो, ते रिकामं टरफल असतं, आतलं औषध कधीच शरीरात गेलेलं असतं.

मधोमध रेघ असलेली गोळी अर्धी करता येते असं आपण धरून चालतो आणि साध्या गोळीला ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. हळू सुटणाऱ्यांत मात्र सरसकट नियम नाही. मेटोप्रोलॉल एक्सएल ही रेघेवर मोडून अर्धी घेता येते कारण आत बारीक बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतंत्र आवरण असतं, पण चावून चालत नाही कारण मग ते दाणेच फुटतात. दुसरी एखादी एसआर गोळी मोडली की संपली. म्हणून दर गोळीला विचारा.

दुसरा प्रकार म्हणजे आतड्यात जाऊन फुटणारी गोळी. पॅन्टोप्रॅझोलची गोळी गुळगुळीत का असते माहितीय? ते औषध अ‍ॅसिडमध्ये टिकत नाही, गंमत बघा, अ‍ॅसिडिटीचं औषध आणि अ‍ॅसिडनेच मरतं. म्हणून त्याला असं आवरण घालतात जे जठरातल्या आंबट रसात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात आंबटपणा कमी झाला की मगच विरघळतं. ती कुटून दिली तर तुम्ही पैसे जठरात ओतले. डीएसआर लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये रंगीत दाणे दिसतात ना, त्यातल्या काही दाण्यांवर हेच आवरण असतं.

उलट डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची आणि एमडी म्हणजे जिभेवर ठेवली की विरघळणारी. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी कितीतरी औषधं या रूपात किंवा पातळ मिळतात, फक्त कोणीतरी विचारायला पाहिजे. त्या मुलाला मी लगेच डॉक्टरांना फोन लावायला लावला, त्यांनी ती गोळी बंद करून अ‍ॅम्लोडिपिन दिली. ती साधी गोळी आहे, कुटली तरी चालते, आणि तरीही दिवसातून एकदाच पुरते कारण ते औषधच मुळात शरीरातून सावकाश जातं. म्हणजे एकात तासन्तास टिकण्याची करामत गोळीच्या बांधणीत होती आणि दुसऱ्यात औषधाच्या स्वभावात. हा फरक डोक्यात बसला की अर्धी फार्मसी कळली म्हणायची.

लकव्याच्या पेशंटला मुळात गिळायला देणं सुरक्षित आहे का हे पण आधी डॉक्टरांकडून बघून घ्या, पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि नाकातल्या नळीतून देणार असाल तर प्रत्येक गोळी वेगळी कुटा, वेगळी द्या, मधे पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते आणि मग परत हॉस्पिटलच्या चकरा.

पायरी ३: गोळीत औषध सोडून अजून काय असतं ते समजून घ्या

आपण मराठीत म्हणतो "औषधापुरतं", म्हणजे अगदी एवढंस्सं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, त्यात औषध इतकं कमी असतं की १ ग्रॅममध्ये २०,००० गोळ्या होतील. मग जी गोळी हातात दिसते ती काय असते? स्टार्च, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, सेल्युलोज, मशीनला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, थोडा रंग. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य, चालत नसेल तर शाकाहारी कवचाची मिळते का ते विचारा, हल्ली बऱ्याच औषधांत मिळते.

हा भराव बिनकामाचा वाटतो पण नसतो. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फिट्सच्या औषधाच्या, फेनिटॉइनच्या, कॅप्सूलमधला भराव बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज टाकलं. औषध तेवढंच, मिलिग्रॅम तेवढेच. पण आता ते जास्त शोषलं जायला लागलं आणि वर्षानुवर्षं सुरळीत असलेल्या पेशंटना विषबाधेची लक्षणं दिसायला लागली. आणि आपल्या मुंबईतलं १९८६ चं जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, १४ जण गेले, चौकशीला न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. म्हणून पक्कं बिल घ्या ज्यावर बॅच नंबर असतो. बिल नको म्हणून पाच रुपये सोडवणाऱ्यांना मी हात जोडते.

जेनेरिक घ्यावं का, हे रोज विचारतात. माझं मत, बहुतेक औषधांना बिनधास्त घ्या, पैसे वाचतात. पण फिट्सचं औषध, थायरॉइड आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन या तिघांत एकदा जी कंपनी बसली ती उगाच दर महिन्याला बदलू नका, स्वस्त असो की महाग, एकाच कंपनीचं धरून राहा आणि बदलावीच लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे ते तपासणी करतील.

पायरी ४: कशासोबत घ्यायचं ते ठरवा

आयुर्वेदात याला चांगला शब्द आहे, अनुपान. हे मधातून, ते तुपातून, ते कोमट पाण्यातून. आजीला हे पाठ असायचं आणि आपण मात्र सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर ढकलतो.

चहाचंच बघा. त्यातला तुरटपणा लोहाला पकडून ठेवतो, मग गरोदर बाई महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या खाते आणि हिमोग्लोबिन जिथल्या तिथं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, क जीवनसत्त्वाने ती चांगली शोषली जाते, आणि चहा आधी नको आणि नंतरही तासदोनतास नको. दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या या डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकला बांधून टाकतात, ती जोडगोळी मग आतड्यातून आत जातच नाही. थायरॉइडची गोळी अनाशापोटी, साध्या पाण्यासोबत, आणि नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तास, चहा पण नाही. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून ४ तास लांब. हे मी तोंडाने जगाला सांगत होते आणि माझी स्वतःची आई घरी थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र, कपभर दुधासोबत घेत होती, दोनदा डोस वाढवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

काही औषधांना उलट तेलातुपाची सोबत लागते. ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल उपाशीपोटी किंवा उपासाच्या दिवशी घेण्यापेक्षा चांगल्या जेवणानंतर घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या जेवणानंतर. पॅन्टोप्रॅझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, पोट भरल्यावर घेऊन "गुणच नाही" म्हणणारे रोज चार जण भेटतात.

आणि पाणी. पूर्ण पेला पाणी, घोटभर नाही, आणि बसून किंवा उभं राहून. आडवं पडून कोरडी गोळी गिळली की ती अन्ननलिकेत चिकटून बसते, डॉक्सिसायक्लिनने तर तिथे जखम होते, चार दिवस थुंकी गिळताना सुद्धा डोळ्यात पाणी येतं. अ‍ॅलेन्ड्रोनेट घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि खायचंही नाही ते याच भीतीने. कॅप्सूल गिळायला अडचण येते त्यांनी एक करून बघा, आपण सवयीने मान मागे टाकतो, त्याऐवजी पाण्याचा घोट तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे वाकवा आणि गिळा. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, मान पुढे केली की ती मागे घशाकडे येते. पोरांना हा खेळ वाटतो.

पायरी ५: तोंडातून रक्तात, वाटेत काय होतं

गोळी आधी जठरात फुटते. साधी गोळी १५ मिनिटांत फुटली पाहिजे असा फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाचा, नियम आहे, त्यासाठी कारखान्यात शरीराइतक्या कोमट पाण्यात गोळ्या वरखाली हलवत ठेवणारं मशीन असतं. शोषण मात्र मुख्यतः जठरात होत नाही, लहान आतड्यात होतं, कारण जागा तिथे आहे. आतल्या सुरकुत्या आणि बारीक केसांसारखे उंचवटे उलगडले तर सगळा पचनमार्ग मिळून साधारण ३० चौरस मीटर भरतो, म्हणजे तीनशे स्क्वेअर फुटाच्या वर, मुंबईत एवढ्यात एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातलं, अख्खं घर बसतं. भरल्या पोटी गोळी उशिरा लागू पडते ती यामुळेच, जठराचं दार अन्न दळून होईपर्यंत तिला पुढे सोडत नाही.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरकडे जातं. लिव्हर म्हणजे जकात नाका समजा, बाहेरून आलेलं जे दिसेल ते मोडायला बघतं. बीपीचं प्रोप्रॅनोलॉल तोंडाने ४० मिलिग्रॅम देतात आणि तेच शिरेतून द्यायचं तर १ मिलिग्रॅमने सुरुवात करतात, मधला हिशोब बराचसा लिव्हरचा. हा नाका चुकवायला जिभेखालची गोळी असते. छातीत दुखल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली का ठेवतात, तर तिथल्या पातळ त्वचेतून औषध थेट रक्तात जातं, लिव्हरला वळसा पडतो आणि काही मिनिटांत गुण येतो. गिळून टाकली तर वेळही जातो आणि औषधही. ती ठेवताना पेशंटला बसवा कारण बीपी उतरतं, आणि पुरुषांनी लाजू नका, त्या आधीच्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल हे लैंगिक ताकदीचं औषध घेतलं असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गोळी ठेवली म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही, गाडी काढायची.

पायरी ६: लहान मुलांची बाटली

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून थोडं थांबून वाचा. पॅरासिटामॉल मुलांना वजनावर देतात, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि मोठ्या पोरांच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. म्हणजे सगळ्यात छोटी, बाळाच्या चित्राची बाटली सगळ्यात तीव्र, साध्या सिरपच्या चौपट. तापात घाबरलेली आई सिरप संपलं म्हणून ड्रॉप्सचे ५ मिली पाजते तेव्हा बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, अख्खी मोठ्या माणसाची गोळी. म्हणून "किती मिली" विचारू नका, "यातलं किती मिली" विचारा आणि बाटली दाखवा.

स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, एकाचा ३ मिली एकाचा ७ मिली असतो. सोबत आलेलं मापाचं झाकण किंवा सिरिंज, सुई नसलेली, तीच वापरा. पावडरच्या अँटिबायोटिकमध्ये पाणी घालताना आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी अर्धं घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत भरलं तर फेस आणि गुठळ्यांमुळे माप चुकतं. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह एकदा कालवलं की फ्रीजमध्ये आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या महिन्याच्या तापाला जपून ठेवायचं नाही.

ओआरएस पण औषधच आहे. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, चिमटी चिमटी पेल्यात टाकून नाही. आतड्याच्या पेशी साखरेच्या प्रत्येक कणासोबत मीठ आत ओढतात आणि मिठामागे पाणी येतं, म्हणून साखर आणि मीठ दोन्ही मापात हवं, साखर जास्त झाली तर उलटं पाणी बाहेर खेचलं जाऊन जुलाब वाढतात. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातांनी पाजायला लावलं आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण तीसच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. सुईशिवाय.

पायरी ७: सुई आणि सलाईनबद्दलचा गैरसमज काढा

"डॉक्टरांनी सुई मारली नाही, नुसत्या गोळ्या दिल्या" अशी तक्रार गावात हमखास. सुई लवकर काम करते हे खरं, उलट्या होत असतील किंवा पेशंट बेशुद्ध असेल तर सुईच पाहिजे. पण कितीतरी औषधं तोंडाने जवळजवळ पूर्ण शोषली जातात, लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक गोळीतून द्या की शिरेतून, डोस तोच असतो. आणि ताकदीसाठी सलाईन लावणाऱ्यांनी हिशोब करा, अर्ध्या लिटरच्या डीएनएस बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाचसहा चमचे साखर आणि जवळपास चमचाभर मीठ, शंभर कॅलरी. एवढ्यासाठी हातात सुई टोचून दोन तास पडून राहायचं.

जिथे सुईला गोळीचा पर्याय नाही ते म्हणजे इन्सुलिन. ते प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. टोरँटोमध्ये १९२१ साली शोध लागला, शंभर वर्षं झाली तरी अजून बहुतेकांना टोचावंच लागतंय. हल्ली सेमाग्लुटाइड या इन्सुलिनसारख्याच प्रथिनजातीच्या डायबिटीसच्या औषधाची गोळी निघालीय, त्याच्यावरून ही अडचण किती मोठी आहे ते कळतं, त्या गोळीतलं एक टक्का औषध सुद्धा रक्तात पोचत नाही, म्हणून रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत गिळावं लागतं तिथे टोचायचं तर आठवड्याला १ मिलिग्रॅम. आणि ती मात्र पेलाभर पाण्याशी नाही घ्यायची, उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याच्या आत, आणि पुढे अर्धा तास काही नाही. वर मी पूर्ण पेला म्हणाले त्याला हा अपवाद.

इन्सुलिन टोचणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. आपल्याकडे बाटली बहुतेक मिलीमागे ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन असेल तर केशरी टोपीची. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट गेले, अडीचपट, साखर इतकी उतरेल की माणूस उठणार नाही. पोटावर टोचलेलं सगळ्यात लवकर शोषलं जातं, मांडीवर हळू, म्हणून आज पोट आणि उद्या मांडी अशी मनमानी न करता रोज त्या त्या वेळेला एकच भाग ठेवा आणि त्या भागात रोज बोटभर जागा सरकवा. त्याच ठिकाणी रोज टोचलं की चरबीची गाठ होते, दुखत नाही म्हणून तिथेच टोचावंसं वाटतं आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. टोचल्यावर चोळू नका.

पायरी ८: पंप, डोळ्याचे थेंब

दम्याच्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. सॅल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम आणि गोळी असते २ किंवा ४ मिलिग्रॅमची, वीस ते चाळीसपट. तरी लोक म्हणतात पंप नको, तो जास्त स्ट्राँग असतो, त्याची सवय लागते. सरळ फुफ्फुसात जातं म्हणून एवढंसं पुरतं. अर्थात नुसता तोंडाला लावून दाबला तर बरंचसं घशावर बसतं, म्हणून मधे स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडामधलं पोकळ नळकांडं, लावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. पावडरच्या कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायच्या असतात, गिळायच्या नसतात, हसू नका, एक आजोबा दोन महिने पाण्याशी गिळत होते आणि दम काही जात नव्हता.

डोळ्यात एकच थेंब. डोळ्यात मावतं त्यापेक्षा एक थेंबच मोठा असतो, दुसरा गालावर येतो. दोन औषधं असतील तर मधे ५ मिनिटं, आणि टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. तिथून औषध नाकात आणि तिथून रक्तात जातं, काचबिंदूच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमेकऱ्याला दम लागू शकतो तो असा.

पायरी ९: वाट किती बघायची आणि गोळी चुकली तर

पॅरासिटामॉल दोनतीन तासांत निम्मं संपतं. अ‍ॅम्लोडिपिन निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात आणि थायरॉइडच्या गोळीला जवळजवळ आठवडा. अशा निम्मं होण्याच्या चारपाच फेऱ्या झाल्या की मगच रक्तातली पातळी स्थिर होते, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन सुरू केल्यावर आठवडा तरी द्यावा लागतो आणि थायरॉइडची तपासणी सहा आठवड्यांनी करतात. तिसऱ्या दिवशी बीपी मोजून "गोळी बदलून द्या" म्हणत काउंटरवर येऊ नका, मी देणार नाही. फारच वर किंवा खाली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांकडे.

गोळी विसरली तर, आठवली तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. इन्सुलिन, फिट्सची गोळी, वॉरफरिन यांत फोन करून विचारा.

ठेवायचं म्हणाल तर ओट्यावर, खिडकीत, गाडीच्या डिकीत नको, बाथरूमच्या कपाटात तर नकोच. पाकीट कापताना तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटून नाही, एकदा गोठलं की वितळून वापरायचं नाही, दिसायला तसंच दिसलं तरी. चालू बाटली उघडल्यावर साधारण चार आठवडे, तिच्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. मे महिन्यात लाईट गेली आणि फ्रीज बंद पडला तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठाजवळच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात सगळे तसंच करायचे आणि अजूनही जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे करतात.